गोदामातला कंत्राटी कामगार आणि दारात येणारा रायडर

ऑनलाइन खरेदीमुळे रोजगार वाढला की घटला, या वादात एक घोळ हमखास होतो. चाकणच्या गोदामात माल पॅक करणारा मुलगा आणि कोथरूडमध्ये तो घरपोच देणारा रायडर, दोघेही 'कंपनीत लागले' म्हणून एकाच खात्यात मोजले जातात. दोघेही बहुधा कंपनीच्या हजेरीपटावर नसतात, हे खरे. पण कायद्याच्या दृष्टीने त्यांच्यातले अंतर मोठे आहे.

गोदामातला मुलगा सहसा कंत्राटी कामगार असतो आणि त्याचा मालक असतो ठेकेदार. गेटवर हजेरी लागते, पाळी ठरलेली असते, हातातल्या स्कॅनरवर किती वस्तू उचलल्या ते नोंदत राहते आणि महिनाअखेर पीएफ कापून पगार होतो. पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, हीही लागू होते, ज्यात पगाराच्या कामगाराचे 0.75 आणि मालकाचे 3.25 टक्के असतात. ठेकेदाराने पगार बुडवला तर ती जबाबदारी, 1970च्या कंत्राटी कामगार कायद्यापासूनच, काम करवून घेणाऱ्या मूळ कंपनीवर येते. प्रत्यक्षात पैसे पदरात पडेपर्यंत चपला झिजतात, हा भाग निराळा. पण दाद मागायला कोणीतरी असते.

रायडरला तेवढेही नाही. करारात तो 'पार्टनर'. पैसे ऑर्डरमागे मिळतात, त्यामुळे डार्क स्टोअरबाहेर (फक्त ऑनलाइन ऑर्डरी भरणारे, गिऱ्हाइकांना बंद असलेले दुकान) गाडीवर बसून ऑर्डरची वाट पाहण्यात गेलेला वेळ सहसा हिशेबात धरला जात नाही. पेट्रोल, गाडीचा हप्ता आणि सर्व्हिसिंग त्याच्याच खिशातून. म्हणून त्याची कमाई आणि गोदामातला पगार यांचे नुसते आकडे शेजारी ठेवून 'रायडर जास्त कमावतो' म्हणणे फसवे आहे: एकातून खर्च वजा व्हायचा आहे, दुसऱ्याच्या नावावर पीएफ साठतो आहे. अ‍ॅपवरचा आयडी ब्लॉक झाला, तर त्याला नोकरीवरून काढले असेही म्हणता येत नाही, कारण कागदोपत्री तो नोकरीत नव्हताच.

निती आयोगाच्या 2022च्या अहवालात गिग कामगारांची, म्हणजे रायडरसारख्या पगारी नोकरीबाहेर काम करणाऱ्यांची, 2020-21 मधली संख्या 77 लाख धरली आहे. हे सगळे नवे रोजगार समजणे चूक ठरेल. लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानात रोखीने पगार घेणारा मदतनीस गोदामात गेला, तर तो असंघटित क्षेत्रातून पीएफच्या कक्षेत येतो. तोच रायडर झाला, तर एक बिनसंरक्षणाचे काम सोडून दुसरे धरतो.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अ‍ॅप कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम गिग कामगारांच्या निधीसाठी द्यायची तरतूद आहे, मात्र कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या 5 टक्क्यांहून अधिक नाही. पुणेकरांना ही कल्पना नवी वाटू नये. मार्केट यार्डातल्या हमालालाही एकच एक मालक नसतो, तरी 1969च्या माथाडी कायद्याखाली मंडळ व्यापाऱ्यांकडून मजुरी आणि वर लेव्ही (मजुरीवरची ठरावीक टक्केवारी) वसूल करून त्याच्या पीएफ-ग्रॅच्युइटीची सोय करते. फरक एवढाच, आणि माझ्या मते तोच कळीचा, की माथाडीच्या मजुरीचे दर ठरवून घेता येतात. रायडरला ऑर्डरमागे किती मिळावे, याविषयी संहितेत काहीच नाही.