आठचा कार्यक्रम, नऊचा कार्यक्रम

फेब्रुवारी 2020. अमेरिकेत फॉक्स न्यूजवर रात्री आठ वाजता निवेदक टकर कार्लसन बजावत होते, की चीनमधला हा करोना विषाणू साधासुधा नाही. नऊ वाजता त्याच वाहिनीवर दुसरे निवेदक शॉन हॅनिटी यायचे आणि अध्यक्ष ट्रम्प यांचे विरोधक उगाच बाऊ करताहेत, असा सूर लावायचे. वाहिनी तीच आणि प्रेक्षकही बहुतेक एकाच, रिपब्लिकन पक्षाचे.

माणूस बातमीमुळे तसा विचार करतो, की मुळात तसा विचार करतो म्हणून ती बातमी लावतो? हा गुंता सोडवणं फार अवघड. अर्थशास्त्रज्ञ लिओनार्डो बर्स्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या दोन कार्यक्रमांत त्याचं एक टोक सापडलं. पंचावन्नच्या पुढच्या हजारावर फॉक्स-प्रेक्षकांना त्यांनी विचारलं, साथीमुळे वागणं कधी बदललंत? कार्लसन पाहणारे काही दिवस आधीच सावध झाले होते, हॅनिटी पाहणारे काही दिवस उशिरा. हॅनिटींचा प्रेक्षक जिथे जास्त, तिथे सुरुवातीच्या आठवड्यांत रुग्ण आणि मृत्यूही जास्त.

पण तिथली माणसंच वेगळी असतील तर? इथे त्यांनी चक्क सूर्यास्ताची मदत घेतली. अंधार पडला की लोक टीव्हीसमोर बसतात. ती वेळ कुठे हॅनिटींच्या कार्यक्रमाशी जुळते, कुठे जुळत नाही. सूर्य कुणाचा पक्ष बघून मावळत नाही, त्यामुळे ही तुलना जास्त भरवशाची. तिच्यातही चित्र तेच राहिलं. संशोधनातली इतकी देखणी युक्ती मी क्वचितच पाहिली आहे.

मार्चच्या मध्यावर हॅनिटींचा सूर बदलला. पण रुग्णसंख्या काही दिवसांत दुप्पट होत असताना उशिराचा एकेक दिवस महाग पडतो.

पुढे लस आली आणि दोन पक्षांच्या मतदारांमध्ये दरी पडली. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी ओहायो आणि फ्लोरिडातल्या नोंदणीकृत मतदारांचे मृत्यू तपासले. सगळ्या प्रौढांना लस खुली झाल्यावर रिपब्लिकन मतदारांमधला जादा मृत्युदर, म्हणजे एरवी अपेक्षित असतात त्याहून वरचे मृत्यू, डेमोक्रॅटिक मतदारांपेक्षा 43 टक्क्यांनी अधिक निघाला. त्याआधी असा फरक नव्हता. हे आकडे वाचताना मला ती घरं दिसतात, जिथे लस दारात होती आणि विश्वासाचा माणूस ती घे म्हणाला नाही.

तो म्हणाला असता तर? 2021 मध्ये संशोधकांनी तेही करून पाहिलं. लसीकरण रेंगाळलेल्या काउंट्यांपैकी, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांपैकी, काही चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडल्या आणि तिथे यूट्यूबवर छोटीशी जाहिरात दाखवली. फॉक्स न्यूजच्या मुलाखतीत खुद्द डोनाल्ड ट्रम्प लस घ्या म्हणताहेत, एवढीच. त्या काउंट्यांत लस घेणारे वाढले.