कॉर्नरशॉप

कॉर्नरशॉप : पंजाबी बोल, गिटारप्रधान रॉक व नृत्यसंगीत यांची सांगड घालणारा ब्रिटिश इंडी (बड्या कंपन्यांपासून स्वतंत्र) रॉक बँड. गायक-गीतकार तजिंदर सिंग (जन्म १९६८, वुल्वरहॅम्प्टन) आणि वादक बेन एअर्स हे त्याचे पहिल्यापासूनचे आधारस्तंभ. सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांचे नाव शीर्षकात असलेले ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ हे त्यांचे सर्वांत गाजलेले गीत.

बँडची स्थापना सामान्यतः १९९१ साली इंग्लंडमधील लेस्टर येथे झाली असे मानतात. तथापि तजिंदर व एअर्स यांची गाठ पडली ती प्रेस्टनच्या लँकेशर पॉलिटेक्निकमध्ये. शिवाय काही सदस्य आधी प्रेस्टनच्याच ‘जनरल हॅवॉक’ या बँडमध्ये होते आणि त्या बँडची एकमेव ध्वनिमुद्रिकाही १९९१ सालचीच. त्यामुळे एक बँड कोठे संपला नि दुसरा कोठे सुरू झाला, याची रेघ ओढणे अवघड जाते. प्रेस्टनला पूर्वतयारी व लेस्टरला जन्म, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते; कारण तजिंदर, त्याचा भाऊ अवतार, एअर्स आणि ड्रमवादक डेव्हिड चेंबर्स ही चौकडी कॉर्नरशॉप या नावाने प्रथम उभी राहिली ती लेस्टरशी निगडित होऊनच.

नावाबाबत मात्र दुमत नाही. कोपऱ्यावरचे किराणा दुकान चालवणारा तो आशियाई, असा ठरीव साचा ब्रिटनमध्ये रूढ होता. तोच टोमणा या तरुणांनी नाव म्हणून उघडपणे मिरवला. १९९३ सालची त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका ‘करी’च्या रंगाच्या तबकडीवर निघाली, तीही याच बाण्याने. त्याआधी १९९२ मध्ये, गायक मॉरिसी याने मंचावर युनियन जॅक हा ब्रिटिश ध्वज मिरवल्यावरून वाद पेटला असताना, त्यांनी ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीच्या लंडनमधील कार्यालयाबाहेर मॉरिसीचे चित्र जाळले होते.

विइजा या छोट्या कंपनीने काढलेल्या ‘होल्ड ऑन इट हर्ट्स’ (१९९४) या पहिल्या अल्बममध्ये गोंगाट व त्वेष अधिक आहे. ‘वुमन्स गॉट्टा हॅव इट’ (१९९५) मध्ये सतार-तंबोऱ्याचा नाद ठळक झाला. ‘व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम’ (१९९७) हा त्यांचा सर्वोत्तम अल्बम म्हणावा लागेल. कवी ॲलन गिन्सबर्ग यांचा आवाज त्यात आहे आणि अखेरीस बीटल्सचे ‘नॉर्वेजियन वुड’ पंजाबीत गायले आहे. बीटल्सने १९६५ साली त्या गाण्यासाठी सतार हाती घेतली होती. ते गाणे येथे पंजाबी मुलाच्या तोंडून माघारी आले.

‘ब्रिमफुल ऑफ आशा’ याच अल्बममधले. ते आशाबाईंवरचे स्तुतिगीत, असे सर्रास सांगितले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. गीतात लता मंगेशकर व महंमद रफी येतात, ऑल इंडिया रेडिओ येतो, टू-इन-वनही (रेडिओ व कॅसेट-प्लेअर एकत्र असलेला संच) येतो. आणि यांतील प्रत्येक नावामागे ‘४५’ हा आकडा पुन्हापुन्हा उच्चारला जातो. मिनिटाला ४५ फेरे घेणारी सात इंची तबकडी, तीच ही. सरकारी इशारे व बांधली जाणारी धरणे (पाण्याचे बांध) यांचेही उल्लेख आहेत. तेव्हा हे गीत एका गायिकेचे कमी आणि पडद्यामागच्या गळ्यांचे व त्या छोट्या तबकड्यांचे अधिक, हे मत ग्राह्य वाटते. आशा हे नावही आहे आणि उमेदही. मराठी कानाला हा श्लेष उलगडून सांगावा लागत नाही.

मूळ गीत ऑगस्ट १९९७ मध्ये ब्रिटिश विक्रीयादीत ६० व्या स्थानापर्यंतच पोचले. रेडिओ निवेदक जॉन पील यांच्या श्रोत्यांनी मात्र त्या वर्षीच्या पन्नास गाण्यांत त्याला पहिले स्थान दिले. पुढे नॉर्मन कुक (फॅटबॉय स्लिम) याने गती व पट्टी चढवून त्याचे रीमिक्स केले आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये ते आठवडाभर अग्रस्थानी राहिले. आज बहुतेकांच्या ओळखीचे आहे ते हे रीमिक्सच. मूळ गाण्यात गिटारचे दोन-तीन स्वर निवांत झुलत राहतात आणि त्यांवर एकेक नाव सुटे ऐकू येते. ही ऐसपैस चाल रीमिक्समध्ये हरवते.

‘हँडक्रीम फॉर अ जनरेशन’ (२००२) मध्ये ओअॅसिस या ब्रिटिश रॉक बँडच्या नोएल गॅलहरने गिटार वाजवली आहे. त्यानंतरचे अल्बम आपल्याच ‘अँपल प्ले’ या कंपनीतर्फे निघाले. बबली कौर यांच्या पंजाबी गायनाचा २०११ सालचा अल्बम त्यांपैकी विशेष उल्लेखनीय. ‘इंग्लंड इज अ गार्डन’ मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.