नारंगी (रंगनाम)

पिवळा आणि तांबडा यांच्या मधला रंग. ‘नारिंगी’ हे त्याचेच दुसरे रूप. मुळात हे फळाचे नाव आहे. नागपुरात मात्र फळाला सहसा ‘संत्रा’ म्हणतात (प्रमाण मराठीतले ‘ते संत्रे’ विदर्भात ‘तो संत्रा’ होते), आणि नारंगी हा शब्द रंगापुरता उरला आहे. ‘संत्रा’चा संबंध पोर्तुगालमधल्या सिंत्रा गावाशी जोडला जातो.

संस्कृत ‘नारङ्ग’मागे द्राविडी मूळ मानतात, तमिळ ‘नारत्तै’ आणि मल्याळम ‘नारकम्’ हे त्याचे जवळचे सोयरे. संस्कृतातून तो फारसीत ‘नारंग’ आणि अरबीत ‘नारंज’ झाला. फळाबरोबर शब्दही युरोपात पोहोचला. स्पॅनिशने आरंभीचा ‘न’ राखला, इटालियन व फ्रेंचमध्ये तो गळाला आणि फ्रेंचमधून इंग्रजीला ‘ऑरेंज’ मिळाले. इंग्रजीत रंगाच्या अर्थाने तो सोळाव्या शतकात रुळला; त्याआधी तिथे या छटेला ‘पिवळा-तांबडा’ अशा अर्थाचा जोडशब्द होता.

अमरकोशात ‘नागरङ्ग’ असे रूप येते. ते वाचून नागपूरकराला मोह होणे स्वाभाविक आहे, पण या ‘नाग’चा शहराशी संबंध नाही. शहराचे नाव नाग नदीशी जोडले जाते, आणि इथली संत्र्याची लागवड भोसलेकाळाच्या मागे नेता येत नाही.

भगवा, केशरी, शेंदरी हे नारंगीचे पर्याय मानू नयेत. शेंदरी शेंदरावरून आला. नागपुरातल्या सीताबर्डीच्या टेकडी गणपतीच्या मूर्तीवरचा लेप शेंदरीच, त्याला नारंगी म्हटलेले कानाला खटकते. केशरी केशरावरून आला आणि राष्ट्रध्वजाच्या वरच्या पट्ट्याला तोच शब्द लागतो. भगव्याला संन्यासवस्त्राचा अर्थ आहे. या चौघांत नारंगी सर्वांत ऐहिक. नागपूर मेट्रोच्या ‘ऑरेंज लाइन’ला आणि संत्रा बर्फीला तोच शोभतो.

ज्या फळाने रंगाला नाव दिले ते दर वेळी त्या रंगाचे नसते. सालीतले हरितद्रव्य ओसरून केशरी रंगद्रव्ये दिसायला थंड रात्री लागतात. म्हणून हिवाळ्याच्या तोंडाशी निघणारा आंबिया बहाराचा (उन्हाळ्याआधीच्या फुलोऱ्याचा) संत्रा आत गोड असूनही बाहेरून हिरवट-पिवळा राहू शकतो. हिवाळा झाडावर काढलेला मृग बहाराचा (पावसाळ्याच्या आरंभीच्या फुलोऱ्याचा) संत्रा फेब्रुवारी-मार्चमध्ये भरपूर रंग घेऊन उतरतो. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या नागपुरी संत्र्यात हे दोन्ही बहार येतात.