प्रथिन बनतं, पण हाती लागत नाही

भुरी म्हणजे काय, हे नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला सांगावं लागत नाही. या बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन हा चिवट पदार्थ असतो आणि कायटिनेज हे एन्झाइम, म्हणजे एक प्रथिनच, तो तोडतं. त्याचं जनुक ई. कोलाय जिवाणूत घालून एन्झाइम बनवून घ्यावं, हा विचार इथल्या बायोटेकच्या विद्यार्थ्याला मोहात पाडणारच. जनुक घालणं आता फारसं अवघड नाही. १९७८ मध्ये मानवी इन्सुलिनही असंच जिवाणूकडून बनवून घेतलं गेलं. घाम फुटतो तो पुढे.

ई. कोलायची स्वतःची जनुकं चार हजारांच्या वर. पेशी फोडली की त्या जनुकांनी बनवलेल्या प्रथिनांच्या सगळ्या गर्दीतून आपलं एकच प्रथिन वेचायचं. फोडायला वापरतात तो सोनिकेटर (ध्वनिलहरींनी पेशी फोडणारं यंत्र) द्रव तापवतो, म्हणून नळी बर्फात ठेवून काही सेकंद चालवायचा, मग थांबायचं. नाशिकच्या एप्रिलमध्ये बर्फ हाताशी जास्तच ठेवावा. पेशीतला डीएनए बाहेर पडून द्रव तार धरतो आणि कॉलम (प्रथिन वेगळं करायची भरलेली नळी) तुंबतो. डीएनए तोडणारं डीएनेज हे एन्झाइम थोडं घातलं की द्रव पुन्हा पातळ होतो.

सगळ्यात जीव खातात त्या इन्क्लुजन बॉडी. ३७ अंशांवर जिवाणू प्रथिन इतक्या झपाट्याने बनवतो की त्याला नीट घडी पडायला वेळच मिळत नाही. अर्धवट घडीचे रेणू एकमेकांना चिकटून गोळे होतात. सेंट्रीफ्यूजनंतर वरचा द्रव रिकामा, माल सगळा तळाच्या साक्यात! साका ८ मोलर युरियात विरघळतो (शेतात टाकतात तोच युरिया, फक्त शुद्ध), पण युरिया काढताना प्रथिन पुन्हा साकळू शकतं. त्यापेक्षा आधीच तापमान १६-१८ अंशांवर आणून रात्रभर सावकाश बनू द्यावं, असं माझं ठाम मत आहे. आणि जेलवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून दाखवणाऱ्या थरावर) जाड पट्टी दिसली म्हणून हुरळू नये. आपलं प्रथिन कायटिन तोडतंय का, हे आधी तपासावं.

गर्दीतून पकडायला प्रथिनाच्या टोकाला हिस्टिडिन या अमिनो आम्लाचे सहा रेणू जोडतात. ते कॉलममधल्या निकेलला धरतात. पण जिवाणूचं स्लायडी हे प्रथिनही हिस्टिडिनने भरलेलं, तेही चिकटतं. म्हणून आधी थोड्या इमिडाझोलने (हिस्टिडिनसारखंच निकेलला धरणारं रसायन) धुवायचं, मग जास्त देऊन आपलं प्रथिन सोडवायचं. प्रथिन कुरतडणाऱ्या प्रोटिएज एन्झाइमांना आवरायला ईडीटीए हे धातू धरणारं रसायन मात्र घालू नये. ते निकेलच ओढून नेतं आणि निळसर-हिरवा कॉलम पांढरा पडतो.

बागेच्या चाचणीला एवढं पुरेसं असतं. इंजेक्शनचं औषध असेल तर जिवाणूच्या बाह्य आवरणातलं, ताप आणणारं एंडोटॉक्सिनही काढावं लागतं, आणि त्यासाठी आणखी वेगळी पायरी लागते.