नवाहो की झुनी? चांदी आधी की खडा आधी

अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या बाजूला फिरून आलेली आपली माणसं चांदीत निळा फिरोजा बसवलेलं कडं किंवा अंगठी आणतात आणि सरसकट सगळ्याला ‘नवाहो’ म्हणतात, म्हणजे तिथल्या नवाहो या मूळ अमेरिकन जमातीचं काम. पण त्यात शेजारच्या झुनी जमातीचंही काम असतं. दोघांची भाषा वेगळी, आणि दागिना घडवण्याची दृष्टीही.

नवाहो कामात आधी नजरेत भरते ती चांदी. जाड पत्रा, त्यावर पोलादी ठसे ठोकून उमटवलेली नक्षी, नाहीतर मऊ ज्वालामुखी दगडात साचा कोरून ओतलेलं कडं. मधोमध बहुधा एकच मोठा खडा, काळ्या-तपकिरी रेषांचं जाळं तसंच राखलेला. असं कडं उलटं करून नक्की पाहा. हातोडीच्या घावाने ठसा कित्येकदा मागच्या बाजूलाही अंधुक उमटलेला असतो. मला तर दर्शनी भागाहून हा मागचा भागच जास्त बोलका वाटतो. जुन्या दागिन्यांत खडा नीट टेकावा म्हणून कोंदणात लाकडाचा भुसाही भरलेला सापडतो.

झुनी काम याच्या उलट. तिथे चांदी फक्त खडा धरून ठेवते. तांदळाच्या दाण्याएवढे, दोन्ही टोकांना निमुळते केलेले फिरोजे, प्रत्येकाला स्वतंत्र कोंदण, आणि अशी कित्येक कोंदणं एकाच फुलात. दुसरा प्रकार जडावाचा: फिरोजा, पोवळं, जेट (कोळशासारखा काळा दगड) आणि शिंपला यांचे तुकडे फट न ठेवता एकमेकांना भिडवून केलेला सूर्याचा चेहरा. इथे खड्यांचा रंग एकसारखा लागतो, म्हणून अ‍ॅरिझोनातल्या ‘स्लीपिंग ब्यूटी’ खाणीचा स्वच्छ आकाशी फिरोजा झुनी कारागिरांचा आवडता. ती खाण 2012 मध्ये बंद झाली.

हा फरक इतिहासातून आलेला आहे. नवाहोंचा पहिला चांदीकाम करणारा मानला जातो तो अत्सिदी सानी, म्हणजे ‘म्हातारा लोहार’. तो आधी मेक्सिकन लोहाराकडून लोखंडाचं काम शिकला. पुढे नवाहो कारागीर चांदीची नाणी वितळवून दागिने घडवू लागले, आणि खडे बसवायला सुरुवात झाली ती 1880 च्या आसपास. म्हणजे त्यांच्या हाताला धातू आधी माहीत होता. झुनींचं नेमकं उलटं. दगड घासून मणी करणं ही त्यांची पूर्वापार कला. चांदीकाम त्यांनी 1872 च्या सुमारास एका नवाहो कारागिराकडूनच घेतलं.

विकत घेताना मात्र एक प्रश्न दोन्हीकडे तोच: खडा नैसर्गिक आहे, की ठिसूळ फिरोजात राळ मुरवून टणक केलेला, की हाउलाइट नावाचा पांढरा दगड निळा रंगवलेला? कारागिराचं नाव आणि जमातही विचारा. परक्याने केलेला माल मूळ अमेरिकन जमातींचा म्हणून विकणं अमेरिकेत 1990 च्या कायद्याने गुन्हा आहे.

आणि एखाद्या जुन्या दागिन्यात भारदस्त नवाहो चांदी आणि नाजूक झुनी जडाव दोन्ही दिसले, तर गोंधळू नका. झुनी गावातल्या व्यापाऱ्यांनी एकाकडून चांदी घडवून घेऊन दुसऱ्याकडून जडाव करून घेतल्याची उदाहरणं आहेत.