लेण्याला किती श्वास पेलतात?

जळगाव स्टेशनवर उतरलेला परदेशी पाहुणा लगेच ओळखू येतो. पाठीवर मोठी सॅक, हातात पाण्याची बाटली आणि तोंडात पहिला प्रश्न अजिंठ्याचा. लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहेत, पण जळगावहून ती जेमतेम साठ किलोमीटर. मुंबई-हावडा मार्गावर गाव असल्याने कित्येकांचा अजिंठा खानदेशातूनच सुरू होतो. आणि बहुतेक वेळा त्याच संध्याकाळच्या गाडीला संपतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी एका जपानी जोडप्याला घेऊन गेलो होतो. गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटला लावली, पुढचे चार किलोमीटर बसने गेलो. पहिल्या लेण्यापाशी चपला काढून रांगेत उभे राहिलो. आत गारवा असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात हवा दमट आणि जड, खच्चून भरलेल्या एसटीत असते तशी. गाइडने बॅटरीचा मंद झोत भिंतीवर रंगवलेल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या खाली झुकलेल्या पापण्यांवर टाकला आणि सगळे गप्प झाले. त्या शांततेत ऐकू येत होता तो फक्त श्वास. आमचा सगळ्यांचा.

त्या श्वासाचा हिशेब साधा आहे. स्वस्थ उभा असलेला माणूस सुमारे 100 वॉट उष्णता बाहेर टाकतो. श्वास आणि त्वचा मिळून तासाला 50 ग्रॅमच्या आसपास वाफ जाते, आणि सोडलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइड असतो जवळजवळ 4 टक्के. आता समजा, लेण्यात सतत 40 जण आहेत. त्यांची उष्णता झाली 4,000 वॉट, म्हणजे घरातले दोन गिझर एकदम चालू. आठ तासांत वाफ होते 16 लिटर. हंडाभर पाणी आपण रोज त्या अंधाऱ्या दालनात नकळत ओतून येतो.

भिंत ते पाणी कसं सोसते? अजिंठ्याची चित्रं ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. बेसाल्ट खडबडीत छिलून त्यावर माती, तूस आणि गवताचे तंतू यांचा गिलावा दिला, वर चुन्याचा पातळ हात फिरवला आणि तो सुकल्यावर डिंक-सरसात कालवलेले रंग लावले. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी हे रंग, आणि निळ्यासाठी थेट अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्द. मातीचा गिलावा दमट हवेत किंचित फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो. वरचा रंगाचा पापुद्रा मात्र तेवढाच फुगत-आक्रसत नाही. गर्दी आत आली की ओल वाढते, रात्री उतरते, सकाळी पुन्हा वाढते. एकसारख्या ओलीपेक्षा ही रोजची चढउतार घातक. वर्षानुवर्षं अशी ओढाताण झाली की पापुद्रा सुटतो. खरीप निघाल्यावर काळ्या जमिनीला पडलेल्या भेगा पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको.

बरं, नुसत्या चांगल्या हेतूनेही भागत नाही. 1920 च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटणारे रंग धरून ठेवले, हे त्यांचं श्रेय. पण वर लावलेलं लाखेचं रोगण पुढे पिवळं पडत गेलं. ते अलगद काढण्याचं काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना नंतर कित्येक वर्षं पुरलं.

फ्रान्समधल्या लास्कोच्या प्राचीन चित्रगुहेची गोष्ट आणखी कठोर आहे. ती 1948 मध्ये लोकांना खुली झाली. काही वर्षांतच भिंतींवर हिरवं शेवाळ आणि पांढरे क्षार दिसू लागले, आणि 1963 मध्ये दार बंद करावं लागलं. आज लोक पाहतात ती हुबेहूब प्रतिकृती. हजारो वर्षं टिकलेली चित्रं पंधरा वर्षांच्या पाहुण्यांना पुरली नाहीत.

एखादी जागा इजा न होता किती माणसं पेलू शकते, यासाठी पर्यटनशास्त्रात शब्द आहे धारणक्षमता. रावेर-यावलच्या केळीवाल्या शेतकऱ्याला ती केव्हापासून ठाऊक आहे: विहिरीचं पाणी पाहायचं, मग किती खोडं लावायची ते ठरवायचं. माणसांचा हिशेबही तसाच. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या जंगलातली दोन किलोमीटरची एखादी पायवाट घेऊ. दहा-दहा जणांचे गट 200 मीटर अंतराने सोडले तर एका वेळी 100 माणसं मावतात. जाऊन यायला दोन तास, वाट खुली आठ तास, म्हणजे दिवसाला 400. हा झाला जागेचा आकडा. चैत्र-वैशाखात आपल्याकडे दुपारचे चार तास चालवत नाही, आकडा 200 वर येतो. आणि सोबत जायला वाटाडे दिवसाकाठी आठच गटांना पुरत असतील, तर 80. खरी धारणक्षमता ही शेवटची. वाटाडे वाढवले तर ती 200 पर्यंत जाईल, त्यापुढे मात्र पैसा ओतूनही जाणार नाही.

मला वाटतं, आपल्याकडे नेमकी इथे उलटी गंगा वाहते. आधी जाहिरात, मग रस्ता, मग गर्दी, आणि मोजणी कधीच नाही. पाटणादेवी गौताळा औट्रमघाट अभयारण्यात आहे. गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने मठ उभारला, त्याचा शिलालेख याच पाटणचा. जवळच पितळखोऱ्याची लेणी आहेत, अजिंठ्याच्या सर्वात जुन्या लेण्यांच्या काळातली. तिथला खडक ठिसूळ, कित्येक दर्शनी भाग कधीच कोसळलेले. अजिंठ्यावरचा भार हलका करायला पाहुणे इकडे वळवा, असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो: आकडा काढला का?

अगदी थोड्या पाहुण्यांवरही पर्यटन उभं राहू शकतं. रानपिंगळा हा दिवसा वावरणारा छोटा घुबडवर्गीय पक्षी. 1884 नंतर त्याची खात्रीची नोंदच नव्हती. तो संपला असं जग समजत होतं, आणि 1997 च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला तो अमेरिकन पक्षितज्ज्ञांना दिसला. अशा पक्ष्यासाठी माणूस अर्धी पृथ्वी ओलांडून येतो, पहाटे उठतो, पावरा आदिवासींच्या घरातली भाकरी आवडीने खातो आणि तीन-चार दिवस राहतो. यातही पथ्य आहेच. फोटोसाठी स्पीकरवर त्याची शीळ वाजवली की बिचारा हद्दीत दुसरा शिरला समजून धावून येतो. घरट्याच्या दिवसांत पिल्लांना भरवायची वेळ त्या खोट्या भांडणात जाते.

राहण्याला मी एवढं महत्त्व देतो याला कारण आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात हरितगृह वायूंपैकी सुमारे 8 टक्क्यांचा भार पर्यटनाच्या खाती निघाला, आणि त्यात प्रवासाचा वाटा मोठा. टोकियोहून येणारं विमान जो धूर सोडायचा तो सोडतंच, पाहुणा इथे सहा तास थांबो की सहा दिवस. एका फेरीत चार मुक्काम झाले तर दर मुक्कामामागचा धूर कमी आणि गावात टिकणारा पैसा जास्त. आज पॅकेजचे पैसे दूर कुठेतरी भरले जातात, आपल्या वाट्याला चहा-पाणी. पर्यटनाचे अर्थशास्त्रज्ञ याला गळती म्हणतात. आमचा पारोळ्याकडचा ड्रायव्हर अहिराणीत म्हणाला, “पाव्हना येस, फोटू काढस नि निंघी जास.”

अजिंठ्याहून परतताना त्या जपानी बाई पुलावर थांबल्या. खाली वाघोरेच्या पात्रात दगडांमध्ये पाच-सहा रिकाम्या बाटल्या अडकल्या होत्या. ही नदी पुढे कुठे जाते, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, हीच पुढे वाघूर होते. तिच्यावर धरण आहे, आणि जळगाव शहर त्याचंच पाणी पितं. सकाळी स्टेशनजवळ त्यांनी घेतलेल्या चहातही तेच होतं.