रिठावरची खापरं आणि ‘वेठ’ हा शब्द

नागपूर जिल्ह्यातल्या आमच्या गावाच्या उगवतीला एक वावर आहे. सातबाऱ्यावर त्याचा गट नंबर आहे, पण बोलताना सगळे त्याला ‘रीठ’च म्हणतात. रीठ म्हणजे उठून गेलेलं गाव. मृगाचा पाऊस पडून वखर फिरला की तिथून खापरं वर येतात. एखादं आतून काळं, बाहेरून लाल. पोरं ती गोळा करतात आणि धुऱ्यावर टाकून देतात.

कसायची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, अशी जुनी वाटणी आहे. चुलीची राख, शेण, पडलेल्या मातीच्या भिंती साचत साचत पांढरी उंच होत जाते. भारतीय माणसाचा इतिहास शाळेत आपण पाटलीपुत्र आणि दिल्लीवरून शिकलो. तो पांढरीवरूनही वाचता येतो, आणि तिथे राजापेक्षा कास्तकार आधी भेटतो, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात लोखंडापासून करू. नागपूरजवळ जुनापाणीला दगडांची सुमारे ३०० वर्तुळं आहेत. ती दफनं, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. माहुरझरीच्या उत्खननात माणसांबरोबर पुरलेले घोडे आणि त्यांचे तांब्याचे साज मिळाले. पेंचकाठच्या नैकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. विदर्भाची काळी जमीन ओली असताना चिकट, वाळली की दगड. तिथे लोखंडाचं मोल काय असेल, हे वखर धरणाऱ्याला सांगावं लागत नाही.

ही माणसं कोणती भाषा बोलत होती, हे खापरं सांगत नाहीत. पण आजच्या विदर्भाकडे पाहा. मराठी आर्यकुळातली, गडचिरोली-चंद्रपूरकडची गोंडी द्राविडी, मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली. आणि बुलडाण्याच्या जळगाव जामोद भागात मूठभर लोक निहाली बोलतात, जिचं नातं जगातल्या कुठल्याच भाषेशी पक्कं जुळलेलं नाही. भारतात माणसं किती वाटांनी आली आणि एकमेकांशेजारी नांदली, त्याचा एवढा दाट पुरावा एवढ्याशा मुलखात आहे.

पुढे वाकाटक राजे आले. त्यांच्याबद्दल लिहिताना अजिंठा आणि राणी प्रभावतीगुप्ता यांचा उल्लेख होतोच, व्हायलाही हवा. मला मात्र अचलपूरजवळच्या चम्मकचा ताम्रपट जास्त जवळचा वाटतो. पाचव्या शतकात दुसऱ्या प्रवरसेनाने ‘चर्मांक’ हे गाव १,००० ब्राह्मणांना दान दिलं. गावाला काय काय माफ, याची यादी त्यात आहे. शिपायांनी गावात शिरायचं नाही. फुलं आणि दूध मागायचं नाही. फिरतीवरच्या अधिकाऱ्याला बसायला कातडं आणि जाळायला कोळसा द्यायचा नाही. गाई-बैल द्यायचे नाहीत. आणि शेवटी, सगळ्या ‘विष्टी’तून सुटका.

ही यादी उलटी वाचा. ज्या गावांना असा ताम्रपट मिळाला नाही, त्यांच्या दारात शिपाई येत होता, दूध जात होतं, बैल जात होते. दान मिळालेल्या गावातही सुटका कोणाची झाली? धनी बदलला असेल, नांगरामागचा माणूस तोच राहिला असेल. विष्टी म्हणजे फुकटची सक्तीची मजुरी. मराठीतली ‘वेठ’ ती हीच.

मधली शतकं भराभर सांगतो. यादवांच्या काळात रिद्धपूर महानुभाव पंथाचं ठिकाण झालं आणि मराठी गद्य तिथे बहरलं. अचलपुरात इमादशाही आली, मग मोगल. चंद्रपूर आणि देवगडला गोंड राजे होते. देवगडच्या बख्त बुलंदाने नागपूर वसवलं, तिथे पुढे भोसले बसले. १८५३ मध्ये इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाडचा ताबा घेतला, आणि त्याच सुमारास नागपूरचं राज्य खालसा केलं.

खेड्याला खरा धक्का कापसाने दिला. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडातल्या पऱ्हाटीला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. पोटापुरती ज्वारी पेरणारा कास्तकार परदेशातल्या भावाकडे डोळे लावून बसू लागला, तो आजतागायत.

पण सगळ्यांची गत सारखी नव्हती. वऱ्हाडात रयतवारी होती, सारा शेतकऱ्याच्या नावावर. आमच्या नागपूरकडे मालगुजारी. अख्ख्या गावाचा सारा एक मालगुजार भरी, आणि गाव त्याचं. ही पद्धत १९५० च्या कायद्याने गेली.

माझी आजी त्याच्या थोडं आधी या गावात नांदायला आली. ती सांगायची, पेरणीचा पहिला दिवस मालगुजाराचा. आजोबा आपली बैलजोडी घेऊन त्याच्या वावरात जायचे. मजुरी नाही, भाकरसुद्धा घरची. घरच्या वावराला वाफसा असायचा आणि ती तिफणीजवळ वाट पाहत बसायची. त्या दिवसाला ती ‘वेठीचा दिवस’ म्हणायची. चम्मकचा ताम्रपट तिने कधी ऐकलाही नव्हता.